नवीन आज्जा

दत्तकाचे कागद घेऊन लंडनला जाण्याची मराठी माणसाची परंपरा जुनी आहे, आणि तिचा आजवरचा निकाल काही बरा नाही. साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींना कंपनी सरकारनं १८३९ मध्ये गादीवरून उतरवलं, तेव्हा रंगो बापूजी गुप्ते त्यांची कैफियत घेऊन विलायतेला गेले आणि १८५३ पर्यंत तिथंच अर्जविनंत्या करत राहिले. ते तिकडे असतानाच इकडे महाराज वारले. त्यांच्या जागी बसवलेले त्यांचे भाऊही १८४८ मध्ये गेले, आणि भावानं मरताना घेतलेला दत्तक डलहौसीसाहेबानं नामंजूर करून राज्यच खालसा केलं. रंगो बापूजी हात हलवत परतले त्याच वर्षी नानासाहेब पेशव्यांचा अजीमुल्ला खान लंडनला पोचला, बाजीरावांचं आठ लाखांचं पेन्शन त्यांच्या दत्तकपुत्राला चालू राहावं म्हणून. राहिलं नाही. झाशीच्या गंगाधररावांनी तर पुढचं ओळखून, मरणाच्या आदल्या दिवशी इंग्रज अधिकारी समोर बसवून दत्तकविधान केलं. पाच वर्षांच्या आनंदरावाचा दामोदरराव झाला. अर्ज लंडनपर्यंत गेला, फेटाळून आला.

हे सगळं मला तोंडपाठ असायचं कारण म्हणजे भारत इतिहास संशोधक मंडळ आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि विम्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून माझ्या दुपारी तिथंच जातात. (दुपारी घरी झोपायची सोय नाही, कारण ही त्या वेळी फोनवर असते.) त्यामुळे आमची दत्तक नात घेऊन लंडनला लेकीकडे जायचं ठरलं, तेव्हा चिरंजीव तिकिटांच्या मागे लागले, सूनबाई थंडीच्या कपड्यांच्या, आणि मी दप्तर बांधायला बसलो.

दप्तरात काय नव्हतं? कलेक्टरांचा दत्तकाचा आदेश, आईबापांच्या जागी चिरंजीव-सूनबाईंची नावं असलेला जन्मदाखला, संस्थेचं पत्र, डॉक्टरांचा अहवाल, मुलाच्या लग्नाचा दाखला, माझी पेन्शनची ऑर्डर, घराची करपावती. प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती, शिक्का मारून. चिरंजीव म्हणाले, "बाबा, करपावती कशाला?" मी म्हटलं, "रंगो बापूजींकडे करपावती असती तर?" या प्रश्नाला आजवर कोणाला उत्तर सुचलेलं नाही.

कलेक्टरांच्या आदेशाची मला विशेष मजा वाटते. २०२१ मध्ये बालन्याय कायद्यात दुरुस्ती झाली आणि दत्तकाचा आदेश देण्याचं काम न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या कलेक्टरसाहेबांकडे आलं. एके काळी दत्तक नाकारायचा आणि संस्थानात साहेब आणून बसवायचा, अशी रीत होती. आता साहेबच सही करून मूल आपल्या मांडीवर बसवतो. डलहौसी वर कुठं असेल तिथं त्याला ही बातमी कळवावी असं फार वाटतं. आणखी एक कळवण्यासारखं आहे. आमचा दत्तक मुलगी आहे. जुन्या हिंदू कायद्यात दत्तक म्हणजे मुलगाच; मुलगी दत्तक घ्यायची सोय १९५६ च्या कायद्यानं झाली. त्यामुळे माझ्या सगळ्या ऐतिहासिक दाखल्यांत फ्रॉक घातलेला वारस एकही सापडला नाही. सूनबाई म्हणाल्या, "मग ते दाखले घरीच ठेवा." ठेवले नाहीत.

आता नातीविषयी. कागदावरचं तिचं नाव सदाशिव पेठेला शोभेलसं आहे, ते इथं देत नाही. घरात ती ठमी. संस्थेत सगळे ठमीच म्हणायचे, आणि साडेतीन वर्षं ज्या हाकेला ओ दिली ती हाक एका दिवसात बदलायला आम्ही काही झाशीकर नव्हे. संस्था सोलापूरकडची. त्यामुळे तिच्या तोंडी जी मराठी आहे ती आमच्या वाड्यात यापूर्वी फक्त भाजीवाल्यांनी बोललेली. पहिल्याच आठवड्यात तिनं खिडकीतून खाली उभ्या असलेल्या, शुद्धलेखनावर पुस्तिका काढलेल्या आमच्या शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांना, "ओ, तुमच्या धोतराचा सोगा लोंबतोय की!" असं बजावलं. मुख्याध्यापक घरी येऊन म्हणाले, "वाक्य निर्दोष आहे."

'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या, रांगेत चिरंजीव आणि सूनबाई फार वाट बघत होते. नोंदणी, मग होम स्टडीसाठी येणाऱ्या समाजसेविका, मग नुसतं थांबणं. आणि इतकं थांबवून झाल्यावर एके दिवशी मुलाची माहिती पडद्यावर येते आणि होकार कळवायला ४८ तास मिळतात. आमच्या पेठेत ४८ तासांत पैठणीचा रंगही ठरत नाही. पण सूनबाईंनी फोटो बघितला आणि बाकीचे सत्तेचाळीस तास आणि काही मिनिटं सरकारला परत केली.

ठमी घरी आली त्या वेळी मी नेमका हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होतो, आणि तिथं गुंतागुंत होऊन मुक्काम लांबला. या एका गोष्टीनं पुढचं सगळं प्रवासवर्णन बिघडवलं, म्हणून ती नीट सांगतो. मी घरी आलो तेव्हा दार ठमीनं उघडलं. हातात पिशवी, अंगात ढगळ सदरा, चेहरा उतरलेला, असा एक म्हातारा दारात उभा. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कुटनं आला?"

"दवाखान्यातून."

"मी सोलापूरकडनं." मग माझा हात धरून तिनं मला घर दाखवायला सुरुवात केली. माझंच घर. "हितं चप्पल काढायची. त्यो पिवळा ब्रश माझा हाय, त्यो घ्यायचा न्हाई. रात्री भ्या वाटलं तर आईला हाक मारायची, ती येती."

मी मान डोलावली. तेव्हापासून तिची ठाम समजूत आहे की मलाही कुठल्यातरी संस्थेतून आणलेलं आहे, तिच्यानंतर आणलेलं आहे, आणि मी अजून रुळलेलो नाही. ती मला 'आज्जा' म्हणते आणि कोणी आलं की माझी ओळख करून देते: "ह्यो नवीन हाय."

परदेशप्रवासाची बातमी पेठेत फुटली तेव्हा सल्ल्यांचा पूर आला. एक काकू म्हणाल्या, आधी अष्टविनायक करा, मग लंडन. एक गृहस्थ म्हणाले, विमानतळावर पोलीस विचारतील, हे मूल कुणाचं. तेव्हा रडू नका, रडलं की संशय येतो. आणि आडून आडून सगळ्यांचा जो प्रश्न असतो तो एकीनं नागनाथ पाराजवळ हिला सरळच विचारला, "खरी आई कुठं असते हो हिची?" ही म्हणाली, "आत्ता ना? ऑफिसात. साडेसहाला येईल." आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेऊन चालू लागली. आमच्या संसारात हिनं मला अनेक वेळा गप्प केलं आहे, पण तो दर्जा मला कधी मिळाला नाही.

पासपोर्टच्या फोटोचा एक किरकोळ प्रसंग झाला. फोटोत तोंड मिटलेलं हवं, कान दिसायला हवेत, मागं पांढरं हवं. आणि ठमी कॅमेरा दिसला की हसते. कारण संस्थेत कॅमेरा येतो तो वाढदिवसाबरोबर. गावातले लोक आपल्या मुलांचे वाढदिवस संस्थेत साजरे करतात, केक कापतात, मुलांना रांगेत बसवून फोटो काढतात. त्यामुळे बाहेरचा कुणीही माणूस भेटला की ठमी आशेनं विचारते, "आज कुणाचा वाडदिवस?" हाच प्रश्न तिनं व्हिसाच्या खिडकीतल्या मुलीला विचारला. ती मुलगी चमकली. तिचाच होता. पाच वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, नुसता फोटो काढतात. पण आम्हा सगळ्यांची बोटं काचेवर टेकवलेली बघून ठमीनं आपली दहाही बोटं पुढं केली होती, तेव्हा त्या मुलीनं बंद पडलेल्या यंत्रावर तिचे ठसे साग्रसंगीत घेतले. दप्तर कुणी उघडून पाहिलं नाही. लागणारे कागद चिरंजीवांनी आधीच वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत दिले होते, असं मला नंतर कळलं.

मुंबईच्या वाटेवर खंडाळ्याच्या घाटात ठमीला उलटी झाली, आणि त्याबद्दल तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं, इतकंच. विमानतळावर मात्र मी थक्क झालो. आम्ही सदाशिव पेठी माणसं. रांग दिसली की आम्हाला प्रश्न पडतात. ही रांग बरोबर आहे का, कोणी ठरवली, पलीकडची कमी का, ह्या गृहस्थांना आत कसं सोडलं. ठमी रांगेतच वाढलेली. दात घासायला रांग, आंघोळीला रांग, दुधाला रांग. ती रांगेत शिरली, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा म्हणून हात वर केला, आणि पुढचा सहा फुटी गोरा असल्यामुळे तो हात त्याच्या पट्ट्याला जाऊन लागला. गोऱ्यानं मागं पाहिलं. ठमीनं त्याला मानेनंच 'पुढं बघ' अशी खूण केली. तो बापडा सुरक्षा तपासणीपर्यंत पट्ट्याला ठमी लावून चालला, आणि तिथं पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवायची वेळ आली तेव्हा दोघांचीही अडचण झाली.

विमानात कान दुखू नयेत म्हणून श्रीखंडाच्या गोळ्यांची पुडी हिनं पर्समध्ये ठेवली होती. ती विमान सुटायच्या आत संपली, कारण ठमीनं पुढच्या आणि मागच्या रांगेत वाटली. एकट्यानं खायचं नसतं. आता ज्याची मला खरी हकीकत सांगायची आहे ती जेवणाची.

जेवणाच्या गाड्या आल्या. आमच्यापुढं ताटं आली. मी फॉइल उघडून आत काय आहे याचा अंदाज घेत होतो, तोवर ठमीनं माझ्या हातावर चापट मारली. "समद्यांना वाडू दे की!" समद्यांना म्हणजे विमानातल्या समद्यांना. ती सीटवर उभी राहून मागं बघत राहिली. सूनबाईंनी समजावलं, हिनं समजावलं. पण संस्थेचा नियम आईपेक्षा जुना होता. शेवटच्या रांगेपर्यंत वाढून होईतो आम्ही पाच जण मांडीवर हात ठेवून बसलो. माझ्या पलीकडे खिडकीशी बसलेले एक गुजराती शेठ अर्धी पोळी संपवून थांबले होते, त्यांनी उरलेली अर्धी हळूच ताटात परत ठेवली. मग ठमीनं हात जोडले, डोळे मिटले आणि जेवणाआधीचा श्लोक सुरू केला. तीस मुलांच्या पंगतीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची सवय. पहिल्या ओळीला मी खिडकीबाहेर ढग बघत होतो. दुसऱ्या ओळीला मागून कुणीतरी सूर धरला. चौथ्या ओळीपर्यंत मधल्या रांगेतलं कोथरूडचं एक कुटुंब, त्यांच्यामागं बहुधा नाशिकची दोन माणसं, आणि ओळी येत नसूनही शेठ, असे सगळे जोरात म्हणत होते. पस्तीस हजार फुटांवर. हवाईसुंदरी कॉफीचं भांडं हातात धरून अदबीनं उभी राहिली; राष्ट्रगीत असावं असं तिला वाटलं असेल. श्लोक संपला, ठमीनं डोळे उघडले, सगळीकडे बघून खात्री केली आणि मला म्हणाली, "आता खा."

भात थंड झाला होता. पण विमानातला भात गरम असता तरी फार फरक पडला असता असं नाही.

हीथ्रोला उतरलो. माझी वेळ आली. रंगो बापूजी, अजीमुल्ला आणि मी. दप्तर मी छातीशी धरलं होतं, पण ठमीला वाटलं, नवीन माणसाला जड होतंय, म्हणून तिनं त्याची एक वादी पकडली. खिडकीत पगडी घातलेले सरदारजी होते. कुटुंब म्हणून आम्हाला पाचही जणांना एकत्र उभं केलं. सरदारजींनी पासपोर्ट पाहिले, पडद्यावर पाहिलं, मग वाकून ठमीकडे पाहिलं आणि हिंदीत सुरुवात केली. लहान मुलांना असं विचारतात, पळवून आणलेलं नाही ना याची खात्री करायला. ते योग्यच आहे. मी दप्तराची गाठ सोडायला घेतली.

"बेटा, ये कौन हैं?"

"बाबा."

"और ये?"

"आई."

"ये?"

"आजी."

सरदारजी प्रसन्न होत होते. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "और ये?"

ठमीनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात जबाबदारी होती. "ह्यो आज्जा. नवीन हाय."

"नवीन?" सरदारजींना शब्द कळला, अर्थ लागेना. त्यांनी सूनबाईंकडे पाहिलं. सूनबाई विमानात रात्रभर जागलेल्या. त्यांनी सरळ भाषांतर केलं, "न्यू ग्रँडफादर."

सरदारजींनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग हिच्याकडे पाहिलं. हिनं त्या दिवशी नेमकी नवी नारायणपेठी साडी, त्यावर स्वेटर आणि पायांत पांढरे स्पोर्ट्स शूज असा वेष केला होता. त्यांच्या चेहऱ्यावर एक मोठा आदर पसरला. "काँग्रॅच्युलेशन्स, मॅडम," ते म्हणाले, "इस उमर में हिम्मत चाहिए." आणि पाचही पासपोर्टांवर फटाफट शिक्के मारले.

मी म्हटलं, "वन मिनिट, सर, तसं नाही, माझ्याकडे आमच्या लग्नाचा..." आमच्या लग्नाचा दाखला दप्तरात नव्हता. ठमी आमच्या मुलाची आहे हे सिद्ध करणारे सगळे कागद तीन प्रतींत होते. मी हिचा आहे हे सिद्ध करणारा एकही नव्हता. सरदारजींनी "नेक्स्ट" म्हटलं. हीसुद्धा काही खुलासा न करता, मान जराशी ताठ करून पुढं निघून गेली. सामान येईपर्यंत तिनं आठ वेळा स्वतःशी हसून घेतलं, आणि बाहेर लेक-जावई दिसताच पहिलं वाक्य म्हणाली, "हे माझे नवीन यजमान."

लंडनचं वर्णन इतरांनी भरपूर केलेलं आहे, ते मी करत नाही. मेमध्ये तिथं रात्री पावणेनऊ-नवाला सूर्य मावळतो आणि दिवेलागण झाल्याशिवाय जेवायचं नाही ही सवय दोघींची, हिची आणि ठमीची, त्यामुळे जावयाचे फार हाल झाले, एवढं नोंदवतो. भुयारी रेल्वेत लहान मुलं मोठ्यांबरोबर फुकट जातात हेही नोंदवतो, कारण त्या प्रवासात फुकट असं तेवढंच दिसलं. सरकत्या जिन्यावर सगळे लोक उजवीकडे एकामागं एक गप्प उभे राहतात. ठमीला हे बघून माहेरी आल्यासारखं झालं.

माझं मात्र एक ठिकाण ठरलेलं होतं. लेडनहॉल स्ट्रीट. तिथं ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्य कार्यालय होतं. सातारा, झाशी, सगळ्यांच्या अर्जांवर शेवटचा नकार तिथंच बसला. १८६१ मध्ये ती इमारत पाडली. आता त्या जागेवर लॉइड्सची इमारत आहे, आणि लॉइड्स म्हणजे जगातल्या विम्याची पंढरी. सतराव्या शतकात एडवर्ड लॉइडच्या कॉफीच्या दुकानात बसून जहाजांची जोखीम घेणारे लोक. त्यांचं हे आजचं रूप. म्हणजे माझा इतिहास आणि माझी नोकरी एकाच पत्त्यावर उभी. घरचं कुणी यायला तयार होईना. ठमी म्हणाली, "नवीन हाय, हरवंल," आणि माझ्याबरोबर निघाली. आम्हाला सांभाळायला जावई.

१९८६ साली उघडलेली ही इमारत रिचर्ड रॉजर्स नावाच्या मोठ्या वास्तुविशारदाची. तिचे पाण्याचे नळ, जिने, सगळी धातूची आतडी बाहेरून लावलेली आहेत, आणि त्यासाठी जग तिला बघायला येतं. आमच्या वाड्याचे पाइप तीन पिढ्या बाहेरच आहेत. महापालिकेची नोटीस सोडता कुणी आलं नाही.

मी फुटपाथवर उभा राहून ठमीला सांगायला सुरुवात केली. "ठमे, इथं पूर्वी एक कंपनी राहायची. झाशीला एक राणी होती, तिनं एक मुलगा दत्तक घेतला. आणि ही कंपनी म्हणाली, तो तुमचा नाहीच."

"का?"

डलहौसीच्या धोरणावर मी मंडळात एकदा पाऊण तास बोललो आहे. पण साडेतीन वर्षांच्या माणसापुढं त्यातलं एकही कलम टिकेना. मी म्हटलं, "त्यांना राज्य पाहिजे होतं."

"मग त्यो पोरगा कुटं गेला?"

"राणीनं त्याला बरोबर घेतलं. राणी लढाईत गेली. मग तो इंदूरला राहिला. पुष्कळ वर्षं. १९०६ पर्यंत होता."

"इंदुरात त्याची कोण होती?"

मी उत्तर शोधत होतो. इंग्रजांनी त्याला थोडं पेन्शन दिलं होतं, हे मला माहीत होतं. पेन्शन हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हेही कळत होतं. ठमीनं जरा वेळ वाट पाहिली, इमारतीच्या नळांकडे बघितलं आणि म्हणाली, "आज्जा, शू लागली."

एवढे नळ बाहेर असलेल्या इमारतीत बाहेरच्या माणसाला शू करायची सोय नसावी, हे मला अजून पटत नाही. दारावरच्या माणसानं अत्यंत सभ्यपणे आम्हाला बाजूच्या लेडनहॉल मार्केटकडे पाठवलं. तिथं एका कॉफीच्या दुकानात, कॉफी विकत घेतल्यास, सोय होती. कॉफीची किंमत रुपयांत काढू नका, असं जावई म्हणाले. मी काढली. एडवर्ड लॉइडच्या दुकानात बसून लोक जहाजांचे विमे का उतरवू लागले, ते त्या क्षणी समजलं. आणखी एक कप मागवणं कुणालाच परवडत नसणार, मग वेळ घालवायला काहीतरी उद्योग हवा.

शेवटच्या रविवारी लेकीनं आम्हाला महाराष्ट्र मंडळात नेलं. लंडनचं मंडळ १९३२ चं, तात्यासाहेब केळकरांच्या पुढाकारानं निघालेलं. डॉलिस हिलला स्वतःची वास्तू आहे. आत पाऊल टाकलं आणि वाटलं, भरत नाट्य मंदिराच्या मध्यंतरात आलो. तीच माणसं, तीच चर्चा, कोपऱ्यात बटाटेवड्याचा तोच वास, फक्त स्वेटर. हिनं पहिल्या पाच मिनिटांत चार बायकांना "हे माझे नवीन यजमान" असं सांगून टाकलं, आणि त्यातल्या दोघींनी ते खरं मानून मला फार प्रेमानं वागवलं.

मग एक वयस्कर काकू आल्या. मूळच्या शनिवार पेठेतल्या, पन्नास वर्षांपूर्वी इकडे आलेल्या. ठमीची हनुवटी धरून त्यांनी तिला उजेडाकडे वळवलं. आता प्रश्न येणार हे मी ओळखलं. सूनबाईंच्या हातातली बशीही थांबली. दप्तर मी घरी ठेवून आलो होतो.

"कुणावर गेलीय गं बाई ही?" काकू म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवत माझ्यावर येऊन थांबल्या. "नाक बघ! नाक अगदी आजोबांचं."

सूनबाईंनी हिच्याकडे पाहिलं, हिनं माझ्याकडे. कुणी काही बोललं नाही. ठमीला मात्र हा मुद्दा तपासून घ्यावासा वाटला. तिनं मला खाली वाकायला लावलं, माझं नाक दोन बोटांत धरून इकडे तिकडे हलवलं, मग स्वतःचं धरलं, मग पुन्हा माझं.

"न्हाई," ती काकूंना म्हणाली. "ह्याचं माझ्यावर गेलंय. ह्यो मागनं आला."

काकू म्हणाल्या, "हो का? बरं बाई," आणि बटाटेवड्यांना रांग लावा असं कुणीतरी ओरडलं. ठमी तीरासारखी गेली, रांगेत एका सुटाबुटातल्या डॉक्टरांच्या मागं उभी राहिली, त्यांच्या कोटाचं टोक धरलं, आणि दुसरा हात मागं करून बोटं हलवू लागली. मी जाऊन तो धरला. पुढं वडे संपत आल्यासारखे दिसत होते.